पंडिता रमाबाई आणि शाळेचा खरा हेतु

आमच्या मंडळ्यांत असें घर क्वचितच असेल कीं ज्यांत पंडिता रमाबाईंचें नांव कोणीं ऐकलें नाहीं. केडगांवचें मुक्तिसदन, तेथील अनाथ मुली व विधवा, आणि बाईंनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर, एवढें तरी बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु या अंकीं आम्ही बाईंचें चरित्र एका विशेष हेतूनें सांगणार आहों. मुलांस शाळेंत घालावयाचें तें कशासाठीं, हा प्रश्न खेड्यापाड्यांतील आईबापांपुढें पुन्हां पुन्हां येतो. आणि त्याचें उत्तर बाईंच्या आयुष्यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. शहागड व त्याच्या आसपासच्या गांवांत जो कोणी राहिला आहे त्यानें तो डोळ्यांनीं पाहिला आहे. दसरा-दिवाळी आटोपली कीं गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस निघतात. भांडींकुंडीं, पीठमीठ, शेळी-कोंबडी यांच्याबरोबर लहान मुलेंहि निघतात, आणि दप्तर घरीं खुंटीवर राहतें. चार-पांच महिन्यांनीं मूल परत येतें तें मागचा पाठ विसरून. मग एक बाप म्हणतो कीं शिकून तरी काय करावयाचें, नोकरी कोठें ठेविली आहे? दुसरा म्हणतो कीं सहीपुरतें आलें, मुकादमाचा हिशेब वाचतां आला, म्हणजे पुरे. पहिल्याची निराशा आम्हांस समजते, आणि दुसऱ्याचें म्हणणें तर आम्हांस मान्यच आहे. हिशेब वाचतां येणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु शाळेचा हेतु एवढाच काय? कीं मुलानें मोठें होऊन स्वतःच्या बुद्धीनें विचार करावा, खरें-खोटें स्वतः पारखावें, आणि आपल्या आयुष्याची वाट देवासमोर उभें राहून स्वतः निवडावी, हाहि शाळेचा हेतु आहे? आमच्या मतें हाच मुख्य हेतु होय. रमाबाई स्वतः रस्त्यावर वाढलेलें मूल होत्या, आणि लहानपणीं त्या कोणत्याहि शाळेंत गेल्या नाहींत. म्हणून त्यांची साक्ष या बाबतींत विशेष मोलाची आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ होते. तरुणपणीं ते पुण्यास शिकत असतां त्यांचे गुरु पेशव्यांच्या वाड्यांत जाऊन बाईसाहेबांस संस्कृत शिकवीत असत. तें पाहून शास्त्रीबोवांच्या मनांत आलें कीं आपणहि आपल्या पत्नीस शिकवावें. पण पहिल्या पत्नीच्या वेळीं घरच्या माणसांनीं तो बेत चालूं दिला नाहीं. ती वारल्यावर कांहीं काळानें ते यात्रेस गेले असतां एक गोष्ट घडली, आणि ती आपल्याच गोदावरीच्या कांठीं घडली. एका गांवीं मुक्कामास असलेल्या यात्रेकरू ब्राह्मणानें नदीवर स्नानास आलेल्या शास्त्रीबोवांस पाहिलें, त्यांचें कुळ व गांव विचारलें, आणि आपली नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्याच दिवशीं त्यांस देऊन टाकिली. वराचें वय 44 वर्षांचें होतें. लग्न लावून तो ब्राह्मण आपल्या वाटेनें निघून गेला. त्या पोरीस कोणीं कांहीं विचारलें नाहीं. विचारावयाचें असतें हेंहि कोणाच्या ध्यानीं आलें नसेल.

ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. तिचें दैव इतकेंच बरें कीं नवरा दयाळु निघाला. त्यानें तिला संस्कृत शिकविलें, आणि ती थोड्याच वर्षांत उत्तम जाणती झाली. बायकोस देवभाषा शिकविली म्हणून शास्त्रीबोवांस पंडितांच्या सभेपुढें जाब द्यावा लागला, व त्यांनीं ग्रंथांचे आधार दाखवून आपला पक्ष राखला. तरी पण त्यांच्या मनांतहि एक कुंपण होतें. स्त्रियांनीं पुराणें व काव्यें शिकावीं, वेद मात्र शिकूं नयेत, असें तेहि मानीत. माणूस एक बंधन तोडतो आणि दुसरें तसेंच ठेवितो, हें आपणां सर्वांच्या ओळखीचें आहे.

पाहुणे, विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या पायीं शास्त्रीबोवांजवळचें होतें नव्हतें तें सरलें, आणि रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतां हें कुटुंब घर सोडून निघालें. वेताच्या टोपल्यांत घालून तान्ह्या रमेस डोंगरावरून खालीं आणिलें. तेव्हांपासून देवळांतून व तीर्थांच्या ठिकाणीं पुराण सांगावें, लोक देतील त्यावर गुजराण करावी, आणि पुढच्या गांवीं जावें, असा त्यांचा क्रम झाला. या भटकंतींत रमा आठ वर्षांची झाली तेव्हां आईनें तिला शिकविण्यास आरंभ केला. वडील म्हातारे झाले होते, म्हणून शिकविण्याचें काम आईकडेच आलें. दिवसभर स्वयंपाक, पाणी व चालणें असे, म्हणून आई पहांटे अंधार असतांना मुलीस उठवी व श्लोक सांगे. पाटी नव्हती, फळा नव्हता, वर्ग नव्हता. मुलगी ऐके, म्हणे, आणि पाठ करी. असें पंधराव्या वर्षापर्यंत चाललें, आणि भागवताचे हजारों श्लोक तिच्या मुखीं बसले. शिवाय जेथें जेथें गेली तेथील बोली तिनें कानांनींच उचलली.

आमच्या ज्या भगिनी ऊसाच्या फडांत मुलें घेऊन राहतात त्यांनीं या माउलीकडे पाहावें. तीमथ्यास त्याच्या आजीनें व आईनें लहानपणापासून शास्त्र शिकविलें हें आपण वाचतों. लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हती; पण पालाखालीं राहूनहि मूल शिकूं शकतें, आणि पहिली शाळा आईच्या मांडीवर भरते, हें तिनें दाखवून दिलें. यांत आणखी एक गोष्ट आहे. आईबापांनीं थोरल्या मुलीचें लग्न लहानपणीं करून दिलें होतें व तें दुःखाचें झालें होतें. तो चटका लक्षांत ठेवून त्यांनीं रमेचें लग्न लहानपणीं केलें नाहीं. जातीचे लोक नांवें ठेवीत असतां त्यांनीं तिला मोकळी ठेविली.

मग मद्रास इलाख्यांत दुष्काळ आला. 1874 सालीं वडील गेले, त्यांच्यामागें थोड्याच आठवड्यांत आई गेली, आणि पुढें थोरली बहीणहि गेली. आईस नेण्यास चार माणसें मिळेनात. दोघे ब्राह्मण दया येऊन आले. तिसरा भाऊ श्रीनिवास. आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळें खांदा पुरेना, म्हणून तिनें आईची तिरडी डोक्यावर घेतली. त्यानंतर बहीण-भाऊ देशभर पायीं हिंडले, थेट काश्मीरपर्यंत गेले. व्रतें, उपास, दानधर्म, सारें पुराणांत सांगितल्याप्रमाणें त्यांनीं केलें होतें. तरी घरांतलीं माणसें अन्नावांचून गेलीं. तेव्हां रमेच्या मनांत प्रश्न उभा राहिला. पाठ केलेले श्लोक आतां तिला विचार करावयास लावूं लागले. पाठांतर हें बीं होतें. त्यास कोंब फुटला तो असा.

1878 सालीं दोघें कलकत्त्यास पोहोंचलीं. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हें पाहून तेथील विद्वान् थक्क झाले, आणि त्यांनीं तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढें व्याख्यानें द्यावीं म्हणून तिला धर्मशास्त्रें वाचावयास सांगितलीं. तीं वाचतांना तिच्या ध्यानीं आलें कीं निरनिराळे ग्रंथ पुष्कळ बाबतींत एकमेकांशीं जुळत नाहींत. पण स्त्री व शूद्र यांस हीन लेखण्याच्या बाबतींत मात्र त्यांचें एकमत आहे. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनीं तिच्या हातीं वेदाची प्रत दिली व वाचण्याचा आग्रह केला. वडिलांनीं घातलेलें कुंपण तिनें या वेळीं ओलांडलें. वडिलांचा अनादर म्हणून तिनें हें केलें नाहीं. त्यांनींच शिकविलेली विद्या तिला तेथवर घेऊन गेली होती.

1880 सालच्या मे महिन्यांत भाऊ वारला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रमाबाईंनीं बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं नोंदणी-पद्धतीनें विवाह केला. ते जातीनें ब्राह्मण नव्हते. नवरा आपण स्वतः निवडणारी ही त्याच लक्ष्मीबाईची लेक, जिला गोदावरीच्या कांठीं एका दिवसांत देऊन टाकिलें होतें! 1881 सालीं मुलगी मनोरमा जन्मली, आणि 1882 सालच्या फेब्रुवारींत पटकीनें पति वारले. त्या काळांत सिलचर येथें पतीच्या पुस्तकांत बाईंस लूककृत शुभवर्तमानाचें एक बंगाली पुस्तक सांपडलें होतें, व तेथील एका बाप्टिस्ट मिशनरीकडून त्यांनीं ख्रिस्ती धर्माची माहिती ऐकिली होती. पति-पत्नींनीं बालविधवांसाठीं शाळा काढण्याचा बेत केला होता. तो आतां एकट्या विधवेच्या मनांत राहिला.

बाई पुण्यास आल्या. 1882 सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं सरकारनें नेमिलेलें हंटरसाहेबांचें शिक्षण-कमिशन पुण्यास आलें. त्यापुढें बाईंनीं मराठींत साक्ष दिली. मुलींच्या शाळांत शिक्षिका तयार कराव्या, तपासनीसहि स्त्रिया असाव्या, आणि हिंदी स्त्रियांस वैद्यक शिकण्याची सोय व्हावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. यांत आमच्या विषयाचें बीज आहे. मुलींचें हित कशांत आहे हें पुरुषांनींच ठरवावें, त्यांनींच शिकवावें व त्यांनींच तपासावें, हें बाईंस मान्य नव्हतें. ज्यांचें शिक्षण त्यांचें मत त्यांत असलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें.

1883 सालीं बाई मुलीस घेऊन विलायतेस गेल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मानस होता, परंतु कानांनीं ऐकूं कमी येत असल्यानें तो सिद्धीस गेला नाहीं. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे त्या राहिल्या, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजीं तेथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयांत डोरोथिया बील बाईंच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें, व त्या तेथें संस्कृत शिकवूंहि लागल्या.

येथें आमच्या ख्रिस्ती वाचकांस जरा थांबावें लागेल, कारण पुढील गोष्ट आपल्याच घरची आहे. बाप्तिस्मा झाला म्हणजे आतां ही बाई मुकाट्यानें ऐकेल, असें मठांतील कांहीं भगिनींस व कित्येक बिशपांस वाटलें होतें. तसें झालें नाहीं. मंडळींतील जीं मतें बाईंस शास्त्रांत सांपडेनात त्यांविषयीं त्या उघड विचारूं लागल्या. त्यांनीं तरुण पुरुषांस शिकविणें बरें दिसणार नाहीं असें बिशपांनीं कळविलें, तेव्हां माझें काय शोभतें तें मला कळतें, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. शाकाहार व देशी पोशाख त्यांनीं सोडिला नाहीं. मनोरमेस धर्माचें शिक्षण कोणत्या रीतीनें द्यावें यांत आईचा शब्द शेवटचा, हेंहि त्यांनीं बजाविलें. त्यांची गुरुमाता सिस्टर जेराल्डिन हिच्याशीं या बाबतींत झालेला पत्रव्यवहार 1977 सालीं छापून प्रसिद्ध झाला आहे. त्यांत बाईंचा भाव असा दिसतो कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं आपण मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्याचें मानेवर घेण्यासाठीं नव्हे. देवाची आज्ञा आपण मानूं. पण तिचा अर्थ देवानें दिलेल्या बुद्धीनें पाहूं.

त्या गुरुमातेस हें उद्धटपण वाटलें, आणि तिचें मन दुखावलें. तिच्या मायेविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु शिकविणाऱ्याची खरी परीक्षा येथेंच होते. शिकविलेलें मूल आपल्यासारखेंच बोलेल तोंवर शिकविणें गोड लागतें. तें आपल्याहून निराळें बोलूं लागलें कीं मग कळतें कीं आपणांस शिष्य पाहिजे होता कीं पोपट. बिरुया येथील लोकांनीं पौलाचें सांगणें शास्त्रांत शोधून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांची थोरवीच सांगितली आहे, निंदा नव्हे. बाईंचा विश्वास या शोधानें ढासळला नाहीं. उलट, आपणांस ख्रिस्ती धर्म आधीं मिळाला व स्वतः ख्रिस्त पुढें कांहीं वर्षांनीं मिळाला, असें त्यांनीं मागाहून लिहून ठेविलें आहे. जो विश्वास स्वतः शोधून मिळविला तो पुढें दुष्काळ व मरण यांतहि टिकला.

1886 सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं बाई अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें गेल्या, आणि तेथें त्यांचें लक्ष लहान मुलांच्या शिक्षणाकडे वेधलें. जर्मनींत फ्रोबेल (1782–1852) नांवाचा एक शिक्षक होऊन गेला होता. मूल हें भरावयाचें मडकें नसून वाढणारें रोप आहे, शिक्षक माळी आहे, आणि मूल हातांनीं करून, खेळून व पाहून शिकतें, असें तो शिकवी. म्हणून त्यानें आपल्या शाळेस बालकांची बाग असें नांव दिलें होतें. त्या बालोद्यानाच्या पद्धतीचा बाईंनीं अभ्यास केला. पहांटेच्या अंधारांत श्लोक घोकून जी स्वतः शिकली तिला ही नवी रीत किती निराळी वाटली असेल! तरी तिचें मर्म बाईंनीं तत्काळ ओळखिलें. शिवाय आपल्या मुलींसाठीं पहिल्या पुस्तकापासून सहाव्यापर्यंत मराठी वाचनपुस्तकांची मालाहि त्यांनीं तेथेंच तयार केली. 1887 सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षें मदत करण्यासाठीं मंडळी उभी राहिली.

स्वदेशीं परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजीं मुंबईस चौपाटीवर त्यांनीं शारदासदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. या शाळेचा नियम असा होता कीं धर्माच्या बाबतींत कोणावरहि जबरदस्ती नाहीं. मुलीनें आपला सोंवळा-ओंवळा पाळावा, आपली पूजा करावी; आणि शास्त्र वाचावेंसें वाटलें तर तेंहि तिला मोकळें. लहान मुलींस फ्रोबेलच्या रीतीनें शिकविलें जाई. केशवपन केलेल्या, घरांत शिव्याशापाखेरीज दुसरें न ऐकिलेल्या विधवा येथें लिहूं-वाचूं लागल्या.

मग 1893 सालचें संकट आलें. बाई सकाळीं मनोरमेस घेऊन आपल्या खोलींत प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. ही बातमी पुण्यांत पसरतांच मोठा गहजब झाला. केसरीनें टीका केली. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे भले सल्लागार राजीनामे देऊन बाहेर पडले. पालकांनीं सुमारें पंचवीस मुली काढून नेल्या. बाईंचें म्हणणें एवढेंच होतें कीं मी कोणास बोलाविलें नाहीं, आणि जी आपण होऊन येते तिला हांकलून दार लावणेंहि माझ्यानें होणार नाहीं; मुलीस येण्याची जितकी मोकळीक तितकीच न येण्याची. विरुद्ध पक्षाची बाजूहि ऐकिली पाहिजे. ते म्हणत कीं ज्या बाईनें मुलीस दुःखांतून काढिलें तिच्या मायेचाच मुलीवर एवढा भार असतो कीं ती निवड खरी मोकळी राहत नाहीं. या बोलण्यांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. शाळा चालविणाऱ्या प्रत्येकानें, आणि मिशनच्या शाळांनीं तर विशेषेंकरून, हा बोल मनांत ठेवावा.

पण झाडाची पारख फळावरून होते. शारदासदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक तरुण विधवा होती. ती बाईंच्या छायेंत वाढली, शिकली, स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि ख्रिस्ती झाली नाहीं. त्याच 1893 सालीं तिनें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला व आनंदीबाई झाली. पतीनें 1896 सालीं काढिलेल्या विधवांच्या आश्रमासाठीं तिनें पुढें अनेक वर्षें कष्ट केले. बाईंच्या दुसऱ्या कित्येक मुलींनीं पुढें बाप्तिस्मा घेतला व ख्रिस्ताच्या सेवेंत आयुष्य वेचलें. एकाच शाळेंतून दोन वाटा निघाल्या, आणि दोन्ही वाटांनीं जाणाऱ्या स्त्रियांनीं आपल्या विचारानें पाऊल टाकिलें. ख्रिस्ती वृत्तपत्रानें पहिलीचें नांव गाळून दुसऱ्यांचेंच सांगावें हें आम्हांस बरें वाटत नाहीं. गोदूबाई हीहि रमाबाईंच्या शाळेचें यशच आहे.

1896-97 सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. दुष्काळांत मायबाप गमावलेल्या रमाबाईंस घरीं बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें घेतलेल्या शेतावर त्यांची सोय केली, तेंच मुक्तिसदन. 1900 सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. आंधळ्यांसाठीं निराळें सदन झालें, आणि मनोरमाबाईंनीं अमेरिकेंत शिकलेली ठिपक्यांची लिपि तेथें शिकविली. प्रत्येक मुलीनें वाचावयास शिकावें आणि त्याबरोबर हाताचें एक तरी काम शिकावें, अशी व्यवस्था होती: विणकाम, शिवण, शेती, दुधाचा धंदा, तेलाचा घाणा, छापखाना. पोटासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें तर मन मोकळें असून उपयोग नाहीं, हें बाईंस अनुभवानें ठाऊक होतें. हिशेब वाचतां आला म्हणजे पुरे म्हणणारा आमचा शेजारी येथें अर्धा बरोबर ठरतो. हातास काम व डोक्यास विचार, हीं दोन्हीं चाकें असलीं तरच गाडी चालते.

मुक्तिसदनांत सर्व कांहीं निर्दोष होतें असें आम्ही म्हणत नाहीं. दुष्काळांत आलेल्या अजाण मुली एकाच धर्माच्या वातावरणांत वाढल्या. तेव्हां शारदासदनांतील मोकळीक तेथें किती राहिली, असा प्रश्न पुढील अभ्यासकांनीं केला आहे, व तो वाजवी आहे. उपाशी मुलास आधीं भाकर व निवारा पाहिजे. पण भाकर देणाऱ्याच्या हातीं मोठी सत्ता येते, आणि ती सत्ता जपून वापरणें हें संतांसहि अवघड असतें.

बाईंचें शेवटचें मोठें काम याच हेतूचें होतें. चालू मराठी शास्त्राची भाषा खेड्यांतल्या बायकांस कठीण जाते असें पाहून त्यांनीं उतारवयांत इब्री व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि सोप्या मराठींत संपूर्ण शास्त्राचें भाषांतर केलें. तें मुक्तीच्याच छापखान्यांत, तेथील मुलींनीं खिळे जुळवून छापिलें. नवा करार 1913 सालीं निघाला. सबंध शास्त्र 1924 सालीं, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर बाहेर आलें. ज्या मुली कालपरवां उकिरड्यावर दाणे वेंचीत होत्या त्यांच्याच बोटांनीं देवाचें वचन जुळविलें, यासाठीं कीं एखाद्या गांवची अडाणी बाई तें स्वतः वाचील व कोणा शास्त्री-पाद्र्याच्या तोंडाकडे पाहत बसणार नाहीं. प्राथमिक शिक्षणाचा हेतु याहून चांगला कसा सांगावा?

मनोरमाबाईंनीं 1913 सालीं निजामाच्या राज्यांत गुलबर्गा येथें शांतिसदन ही मुलींची शाळा काढिली. त्या वेळीं शहागडहि त्याच राज्यांत होतें, आणि 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत राहिलें. मनोरमाबाई 24 जुलै 1921 रोजीं वारल्या. एकुलत्या एका लेकीमागें आईहि फार राहिली नाहीं. भाषांतराचें काम पुरें करून 5 एप्रिल 1922 रोजीं केडगांव येथें रमाबाईंनीं देह ठेविला.

आतां शहागडच्या पुलाकडे परत येऊं. 2009 सालच्या कायद्यानें 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचें शिक्षण मिळण्याचा हक्क दिला आहे. हें बाईंच्या काळीं नव्हतें, आणि याबद्दल आपण देवाचे आभार मानावे. परंतु कायदा मुलास बांकावर बसवूं शकतो; त्याच्या मनांत प्रश्न उभा करणें हें शिक्षकाचें, आईबापांचें व मंडळीचें काम आहे. म्हणून आमची मंडळ्यांस तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली, जें कुटुंब ऊसतोडीस जातें त्याच्या मुलास गांवांत ठेवून घेतां आलें तर आजी-आजोबांस व शेजाऱ्यांस मंडळीनें हात द्यावा. आणि तें बरोबर गेलेंच तर त्याची पुस्तकें बरोबर जावीं, व ज्या माउलीस वाचतां येतें तिनें कोपीजवळ रोज घटकाभर त्यास घेऊन बसावें. दुसरी, शब्बाथ-शाळेंत वचनें पाठ करवून घ्यावीं, पण तेथेंच थांबूं नये. मुलास त्याचा अर्थ विचारावा, आणि त्यानें आडवा प्रश्न केला तर रागें भरूं नये. तिसरी, मुलीचें लग्न ठरवितांना मुलीस विचारावें, आणि ती नाहीं म्हणाली तर तें नाहीं म्हणून ऐकावें.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे हें आम्ही जाणतों. ऊसतोडीस जोडपें पाहिजे म्हणून, मागें तरुण पोर कोणाच्या भरंवशावर ठेवावी म्हणून, मुलींचीं लग्नें कायद्याच्या वयाआधीं उरकलीं जातात, आणि ख्रिस्ती घरें यांतून सर्वस्वीं सुटलीं आहेत असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. गोदावरीच्या कांठीं नऊ वर्षांच्या एका पोरीस न विचारतां देऊन टाकिलें, त्यास आतां पावणेदोनशें वर्षांच्या आसपास होत आलीं. नदी तीच आहे. तिच्या कांठच्या मुलीस आज कोणी विचारतो किंवा नाहीं, यावरून आपल्या शाळांची परीक्षा होणार आहे.

ज्यानें आपणांस बुद्धि दिली व ती वापरण्याची मोकळीक दिली तो प्रभु आमच्या मुलांस रमाबाईंचें धैर्य देवो, आणि त्यांचें नाहीं शांतपणें ऐकून घेण्याचें धैर्य आम्हां वडील माणसांस देवो. आमेन.